शनिवारची आगगाडी

परदेशीं शिकणाऱ्या मुलांचे जे आईबाप आज हें भाषण ऐकत असतील, त्यांच्यापुढें प्रथम मी माझी एक चूक कबूल करतों.

माझी धाकटी मुलगी बँकेचें कर्ज काढून लंडन येथें एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीं गेली. तिला जाऊन दोन महिने होतात न होतात तोंच एका रविवारीं समुद्रकांठच्या कोणत्याशा गांवाहून तिचें छायाचित्र आलें. सोबत चार मैत्रिणी, हातांत बटाट्याच्या तळलेल्या कापांचा पुडा आणि चेहऱ्यावर हसूं. मला तें हसूं दिसलें नाहीं. पुडा तेवढा दिसला. मीं तिला कळविलें कीं, कर्ज शिक्षणासाठीं काढलें आहे, सहलींसाठीं नव्हे. तिचें उत्तर आलें, "बरें, बाबा." त्यानंतर तीन महिने एकहि छायाचित्र आलें नाहीं. त्या तीन महिन्यांत वर्ग, ग्रंथालय आणि हातखर्चासाठीं पत्करलेलें दुकानांतील काम यांपलीकडे तिनें कांहीं पाहिलें नाहीं. फोनवर तिचा आवाज उतरलेला असे, हें तिच्या आईनें ओळखलें. मीं सारा जन्म वर्गांत मुलांचे आवाज ऐकण्यांत घालविला. पण मला तें ओळखतां आलें नाहीं.

पुढें सन २०२४ च्या मार्चमध्यें, तिच्या आईच्या आग्रहानें, मी तिला भेटावयास गेलों. पोहोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं तिनें म्हटलें, "बाबा, एक शनिवार-रविवार माझ्याबरोबर आगगाडीनें चला. मग ही चैन कीं अभ्यास, तें तुम्हीच ठरवा." त्या दोन दिवसांची हकीकत आज सांगावयाची आहे. माझ्यासारखे रागावणारे बाप पुष्कळ असतील आणि "बरें, बाबा" म्हणून गप्प बसणारीं मुलेंहि पुष्कळ असतील. त्या दोघांच्याहि ती उपयोगी पडावी, एवढाच हेतु.

विद्यार्थ्यांच्या सहली बहुधा एकाच प्रकारें होतात. दोन दिवसांत चार शहरें पाहावयाचीं, प्रत्येक ठिकाणीं एका प्रसिद्ध इमारतीपुढें उभें राहावयाचें आणि पुढची गाडी पकडावयाची. घरीं परत आल्यावर कोणती इमारत कोणत्या गांवची, याचाहि घोटाळा होतो. माझ्या मुलीनें तसें केलें नव्हतें. तिनें एकच लोहमार्ग निवडला होता: लंडनहून पश्चिमेकडे बाथ व ब्रिस्टल या शहरांस जाणारा. याची लांबी ११८ मैल, म्हणजे सुमारें १९० किलोमीटर; आपल्या मुंबई-पुणें अंतराएवढीच. बाथपर्यंत गाडीला दीड तासहि लागत नाहीं. "एखादें पुस्तक वाचावें तसा हा मार्ग वाचावयाचा," असें ती म्हणाली. मास्तराच्या मुलीला शोभेल असेंच हें बोलणें होतें, आणि पुढें मला तें अक्षरशः खरें वाटलें.

या पुस्तकाचें पहिलें पान म्हणजे लंडनचें पॅडिंग्टन स्टेशन. लोखंड व कांच यांचें त्याचें उंच छत १८५४ सालचें आहे. तें स्टेशन आणि हा सबंध लोहमार्ग इझांबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरानें आंखला. लिव्हरपूल बंदरापुढें आपलें बंदर मागें पडेल या भीतीनें ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनीं लंडनपर्यंत आगगाडी नेण्याचें मनावर घेतलें आणि १८३३ सालच्या मार्चमध्यें या कामावर ब्रुनेलची नेमणूक केली. तेव्हां त्याचें वय अवघें २६ वर्षांचें होतें. १८४१ च्या जूनअखेर मार्ग पुरा झाला. १८३३ हें साल श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. तें या प्रवासाच्या शेवटीं पुन्हा भेटणार आहे.

ब्रुनेलनें आपल्या दोन रुळांमधील अंतर सात फूट पाव इंच ठेवलें होतें. इतर बहुतेक कंपन्यांचें माप चार फूट साडेआठ इंच होतें. रुंद रुळांवर गाडी अधिक वेगानें आणि कमी हिसके देत धांवते, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु जेथें हीं दोन मापें एकमेकांस भेटत, तेथें उतारू, गांठोडीं, पिंपें, जनावरें सर्व एका गाडींतून उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावीं लागत. आपल्याकडे मिरज स्टेशनावर एके काळीं निरनिराळ्या मापांचे रूळ होते. तेथें ज्यांनीं गाडी बदलली आहे, त्यांना या त्रासाची कल्पना आहे. अखेर १८४६ सालीं पार्लमेंटनें अरुंद मापाच्या बाजूनें कौल दिला, आणि १८९२ सालीं मे महिन्याच्या २१ व २२ तारखांस शेवटचा रुंद मार्गहि अरुंद झाला. तो शनिवार-रविवार होता. चार हजारांहून अधिक कामगारांनीं दोन दिवसांत तें काम उरकलें. शनिवार-रविवारांत काय काय होऊं शकतें, हें सांगतांना मुलीनें माझ्याकडे हळूच पाहिलें, आणि मी खिडकीबाहेर पाहूं लागलों.

लंडन मागें पडतें न पडतें तोंच स्लाउ नांवाचें स्टेशन लागतें. पाहण्यासारखें येथें कांहीं दिसत नाहीं. पण विल्यम हर्शेल व त्याची बहीण कॅरोलाइन यांनीं याच गांवीं राहून वर्षानुवर्षें आकाश पाहिलें. ४० फूट लांबीची त्याची दुर्बीण १७८९ सालीं येथेंच पुरी झाली. हर्शेल आपल्याला पुढें बाथ येथें पुन्हा भेटेल. मग मेडनहेड येथें टेम्स नदीवरील पूल येतो. गाडींतून तो पायाखालून जातो, म्हणून दिसत नाहीं. पण त्याच्या दोन विटांच्या कमानी प्रत्येकीं १२८ फूट रुंद असून उंची अवघी २४ फूट आहे. इतकी सपाट कमान टिकणार नाहीं, असें त्या काळचे जाणते म्हणत. १८३९ पासून ती टिकली आहे आणि पहिल्या गाड्यांच्या अनेक पटींनीं जड गाड्या आज तिच्यावरून जातात. टर्नर या चित्रकारानें पाऊस, वाफ आणि वेग यांचें जें प्रसिद्ध चित्र १८४४ सालीं मांडलें, तें याच पुलाचें. तें लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे. मुलीनें तें आदल्या दिवशीं मला मुद्दाम दाखविलें होतें. त्यामुळें पूल न दिसतांहि पाहिल्यासारखा झाला.

डिडकॉट स्टेशन मागें पडल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, आतां डाव्या हाताच्या खिडकीकडे बसा." मीं पाहिलें, तों हिरवीं शेतें, कुंपणांच्या रांगा आणि दूरवर टेंकड्यांची एक निळसर रेघ. मीं विचारलें, "येथें काय आहे?" ती म्हणाली, "वाँटेज. पंडिता रमाबाईंचें वाँटेज."

श्रोते हो, रमाबाईंचें नांव मीं वर्गांत कितीदां घेतलें असेल. पण वाँटेज हें गांव नकाशावर कोठें आहे, हें पाहण्याचें मला कधीं सुचलें नव्हतें. १८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई इंग्लंडांत उतरल्या, त्या या गांवीं एका ख्रिस्ती भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा विचार कानांच्या अधूपणामुळें सोडावा लागला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत येथेंच त्यांनीं धर्मांतर केलें. त्यावरून आपल्याकडे किती वादळ उठलें, तें प्रसिद्ध आहे. त्यांत आज शिरावयाचें नाहीं. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. आजच्या विषयापुरती मला त्यांची एकच गोष्ट सांगावयाची आहे. रमाबाई शाळेंत शिकल्या नव्हत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थें करीत हिंडत. आणि त्या हिंडण्यांतच आईनें या मुलीला संस्कृत शिकविलें. त्यांचें सारें शिक्षण चालत्या वाटेवर झालें. परदेशीं गेल्यावर त्यांनीं पाहण्याची आणि पाहिलेलें लिहून ठेवण्याची ती संवय सोडली नाहीं. १८८३ सालींच त्यांचा 'इंग्लंडचा प्रवास' मराठींत छापून निघाला. अमेरिकेहून परत आल्यावर तेथील लोकस्थितीविषयीं त्यांनीं मोठा ग्रंथ लिहिला. प्रवास ही ज्या शिक्षणाची शाळाच होती, तें शिक्षण फुकट गेलें असें कोण म्हणेल?

वाँटेजसाठीं पूर्वीं या मार्गावर एक स्टेशन होतें. तें १९६४ सालीं बंद झालें. आमची गाडी तेथें थांबली नाहीं. दोन मिनिटांत तीं शेतें मागें गेलीं. मुलगी म्हणाली, "माझ्या वर्गांतल्या कोणालाहि हें सांगून उपयोग नाहीं, बाबा. हें तुम्हांलाच सांगतां येतें." मीं डबा उघडला. तिनें पहाटे उठून दशम्या केल्या होत्या. आम्हीं दोघांनीं त्या न बोलतां खाल्ल्या.

स्विंडन हें आगगाडीनेंच वाढविलेलें गांव. येथील एंजिनांचा कारखाना १८४३ पासून १९८६ पर्यंत चालला. जुन्या काळीं प्रत्येक गाडीला येथें फराळासाठीं दहा मिनिटें थांबावें लागे. कारण उपाहारगृहाच्या ठेकेदाराशीं कंपनीनें तसा करारच करून ठेवला होता. तो करार मोडून घेण्यास कंपनीला १८९५ पर्यंत थांबावें लागलें आणि मोठी रक्कम मोजावी लागली. घाईनें केलेला करार किती दूरवर पोहोंचतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

त्यापुढें येतो बॉक्सचा बोगदा. त्याची लांबी दोन मैलांहून थोडी कमी, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर. १८३६ ते १८४१ अशीं पांच वर्षें तें काम चाललें. आठवड्यास एक टन दारू आणि एक टन मेणबत्त्या त्यांत खर्च होत. दोन्ही बाजूंनीं खोदीत आणलेल्या वाटा मध्यें एकमेकींस मिळाल्या, तेव्हां त्यांत जवळजवळ कांहींच फरक निघाला नाहीं. या कामांत सुमारें १०० मजूर मेले. आमच्या गाडीला त्या अंधारांतून बाहेर पडण्यास एक-दीड मिनिट लागलें. मला आपला बोरघाट आठवला. १८६३ सालीं तो मार्ग खुला झाला आणि त्याच्या पायांत हजारों मजुरांचे प्राण गेले. मुंबईहून पुण्यास जातांना बोगदा आला कीं आपलीं मुलें आनंदानें ओरडतात. त्यांना ओरडूं द्यावें. पण उजेड आल्यावर मोठ्या माणसानें त्यांना ही गोष्टहि सांगावी.

बोगद्यांतून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळांत बाथ शहर येतें. मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या दगडानें बांधलेलें हें सबंध शहर आहे. आणि तोच दगड त्या बोगद्याच्या डोंगरांत आहे. येथें जमिनींतून ४६ अंश सेंटिग्रेड उष्णतेचें पाणी रोज अकरा लाख लिटरांहून अधिक वर येतें. जवळच्या मेंडिप टेंकड्यांवर हजारों वर्षांपूर्वीं पडलेला पाऊस जमिनींत फार खोल मुरतो, तेथील उष्णतेनें तापतो आणि खडकांच्या भेगांतून पुन्हा वर येतो. वज्रेश्वरीचीं कुंडें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें बांधकामाचें. पहिल्या शतकांत रोमन लोकांनीं या झऱ्यावर देऊळ व स्नानगृहें बांधलीं. मोठ्या कुंडाच्या तळाला त्यांनीं घातलेला शिशाचा पत्रा अद्याप आहे.

मला सर्वांत मौज वाटली ती शिशाच्या छोट्या पत्र्यांची. कांहीं चोरीस गेलें कीं लोक पत्र्यावर देवीला अर्ज खरडून तो झऱ्यांत टाकीत. असे सुमारें १३० पत्रे सांपडले आहेत. कोणाचा झगा गेला, कोणाचे हातमोजे गेले. ज्यानें नेले, तो पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, त्याचें वाटोळें होवो. देवळाबाहेर नवी चप्पल हरवलेल्या भाविकाला हे रोमन लोक अगदीं शेजारचे वाटतील. इतिहासाच्या पुस्तकांत सम्राट भेटतात; हातमोजे हरवलेला माणूस मात्र अशा ठिकाणीं गेल्यावरच भेटतो.

दुपारीं आम्ही रॉयल क्रेसेंट नांवाची चंद्रकोरीच्या आकाराची घरांची रांग पाहिली. १७६७ पासून सातआठ वर्षांत हीं ३० घरें उभीं राहिलीं. पुढून सर्व खांब एका मापाचे, एका ओळींत. मागून मात्र ज्यानें त्यानें आपल्या सोयीप्रमाणें घर बांधलेलें. मुलीनें मला मुद्दाम मागच्या गल्लींतून नेलें. "देशहि असाच पाहावा," असें ती म्हणाली नाहीं. पण मला तें कळलें.

संध्याकाळीं हर्शेलचें घर पाहिलें. तें आतां संग्रहालय आहे. हर्शेल हा जर्मनींतून आलेला वाद्यवादक. बाथच्या एका प्रार्थनामंदिरांत तो ऑर्गन वाजवी आणि रात्रीं स्वतः घांसून केलेल्या आरशांच्या दुर्बिणीनें तारे पाही. १३ मार्च १७८१ रोजीं याच घराच्या मागील लहानशा बागेंतून त्याला युरेनस हा ग्रह सांपडला. प्राचीन काळापासून माहीत असलेल्या ग्रहांत प्रथमच एका ग्रहाची भर पडली, ती परदेशीं पोट भरावयास आलेल्या एका माणसाच्या फावल्या वेळांत. फावल्या वेळाविषयीं मी मुलीला जें कांहीं लिहिणार होतों, तें सर्व मीं त्या बागेंत सोडून दिलें.

बाथहून ब्रिस्टल आगगाडीनें पाव तासाच्या आंत येतें. रात्रीं तेथें एका साध्या उतारशाळेंत आम्ही राहिलों. रविवारीं सकाळीं मुलगी मला कॉर्न स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर घेऊन गेली आणि धान्याच्या जुन्या बाजाराच्या इमारतीवरील घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "या घड्याळाला मिनिटांचे दोन कांटे कां, तें सांगा."

मी क्षणभर पाहतच राहिलों. दोन कांट्यांत दहा मिनिटांचें अंतर होतें. मग मला एकदम उमगलें, आणि माझा आवाज वर्गांत चढे तसा चढला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशास ४ मिनिटें. ब्रिस्टल हें लंडनच्या ग्रीनिचपासून पश्चिमेस अडीच अंशांहून किंचित् अधिक आहे. म्हणून तेथें मध्यान्ह दहा मिनिटें उशिरां होते. घोडागाडीच्या काळीं या दहा मिनिटांची कोणाला फिकीर नव्हती. प्रत्येक गांव आपला सूर्य पाहून आपलें घड्याळ लावी. परंतु आगगाडीच्या वेळापत्रकाला गांवोगांवचे निराळे सूर्य चालेनात. एकाच रुळावरील दोन गाड्यांच्या दोन वेळा म्हणजे अपघातच. म्हणून या लोहमार्गानें १८४० च्या नोव्हेंबरांत सर्व स्टेशनांवर लंडनची वेळ सुरू केली. ब्रिस्टलकरांनीं मात्र १८५२ पर्यंत आपली वेळ सोडली नाहीं. शहरची वेळहि कळावी आणि गाडीहि चुकूं नये, म्हणून हे दोन कांटे. सर्व देशाला एकच वेळ कायद्यानें लागू झाली ती १८८० सालीं.

आपल्याकडे हेंच घडलें. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्यायशीं अंश रेखांशावरची एकच वेळ, म्हणजे साडेपांच तास पुढची, सर्व देशाची वेळ ठरली. मुंबईकरांना हे ३९ मिनिटांचें अंतर म्हणजे सरकारची जबरदस्ती वाटली. मुंबईच्या नगरपालिकेनें आपली जुनी वेळ १९५५ सालापर्यंत जपली. हट्टाच्या बाबतींत मुंबईनें ब्रिस्टलला कितीतरी मागें टाकलें, असें मीं सांगतांच मुलगी खळखळून हसली. पांच महिन्यांत तिला असें हसतांना मीं प्रथमच ऐकलें.

रेखांश आणि वेळ हा पाठ मीं तीस वर्षें फळ्यावर शिकविला. एका अंशास चार मिनिटें, हें वाक्य शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें. पण त्या चार मिनिटांपायीं एक शहर बारा वर्षें आपल्या आगगाडीशीं भांडलें, आणि त्या भांडणाची खूण भिंतीवर अद्याप फिरते आहे, हें मला ठाऊक नव्हतें. तें दाखविलें जिला मीं सहलीला जाऊं नको म्हणून बजावलें होतें तिनें.

तेथून पायीं आम्ही आर्नोज व्हेल नांवाच्या दफनभूमींत गेलों. जुन्या थडग्यांत एकच बांधकाम ओळखीचें दिसलें: खांबांवर उभारलेली दगडी छत्री. ती राजा राममोहन राय यांची समाधि. १८३१ सालीं ते इंग्लंडांत आले. सतीची चाल बंद करणारा १८२९ चा कायदा रद्द व्हावा म्हणून सनातनी पक्षानें केलेलें अपील १८३२ सालीं फेटाळलें गेलें, तेव्हां ते लंडनमध्यें होते. पुढच्या वर्षीं सप्टेंबरांत ते ब्रिस्टलच्या स्नेह्यांकडे आले. तेथें तापानें आजारी पडून २७ सप्टेंबर १८३३ रोजीं वारले. प्रथम त्यांना यजमानांच्या बागेंत पुरलें होतें. दहा वर्षांनीं द्वारकानाथ ठाकुर यांनीं येथें आणवून ही छत्री उभारविली.

आतां तें १८३३ साल पाहा. मार्चमध्यें ब्रिस्टलचे व्यापारी ब्रुनेलला नेमतात. ऑगस्टमध्यें इंग्लंडचें पार्लमेंट आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा करतें. आणि भरपाई म्हणून दोन कोटि पौंड देतें, ते गुलामांना नव्हे, तर त्यांच्या मालकांना. ब्रिस्टल हें गुलामांच्या व्यापाराचें मोठें बंदर होतें. त्या पैशाचा अंश या शहराच्या कित्येक सुंदर भिंतींत आहे. आणि सप्टेंबरांत, आपल्या देशांतील एका क्रूर रूढीशीं झगडून आलेला थोर पुरुष त्याच शहरांत डोळे मिटतो. गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोल्स्टन नांवाच्या धनिकाचा पुतळा या शहरानें १८९५ सालीं उभारला होता. ७ जून २०२० रोजीं शहरच्या लोकांनींच तो पाडून बंदराच्या पाण्यांत ढकलला. पुढें तो वर काढून संग्रहालयांत ठेवण्यांत आला. राममोहनांचा पुतळा मात्र १९९७ पासून भर चौकाजवळ उभा आहे.

परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांना दोन व्याधि जडण्याची भीति असते. कांहीं तेथील झगमगाटानें दिपून जातात. कांहीं खोलींत बसून त्या देशाला नांवें ठेवूं लागतात. दोन्ही व्याधि न पाहण्यानें होतात. ज्यानें एकाच लोहमार्गावर ब्रुनेलचा पूल, बॉक्समधले मजूर, गुलामांचा पैसा आणि राममोहनांची छत्री पाहिली, तो त्या देशापुढें लोटांगण घालणार नाहीं आणि त्याला तुच्छहि लेखणार नाहीं. हें वर्गांत शिकवितां येत नाहीं. निदान मला तरी आलें नाहीं.

आतां थोडें व्यवहाराचें. विलायतेंत विद्यार्थ्यांना सत्राच्या दिवसांत आठवड्यास २० तासच नोकरी करण्याची परवानगी असते, आणि पुष्कळांचें काम शनिवार-रविवारींच पडतें. म्हणून महिन्यांतून एकच सुटी प्रवासासाठीं राखावी. वर्षाच्या ५२ आठवड्यांत तिचा फार भार होत नाहीं. सोळा ते पंचवीस वयाच्या तरुणांना, आणि पूर्ण वेळ विद्यार्थी असल्यास त्याहून मोठ्यांनाहि, रेल्वेचें एक सवलतपत्र मिळतें. त्यानें तिकिटाचा एक तृतीयांश खर्च वांचतो. कांहीं आठवडे आधीं काढलेलें तिकीट स्वस्त पडतें. पण तें ठरलेल्या गाडीपुरतेंच असतें, गाडी चुकली कीं तें निरुपयोगी. रविवारीं रुळांची दुरुस्ती पुष्कळदां चालते आणि मधल्या टप्प्यांत उतारूंना बसनें नेतात. म्हणून आदल्या रात्रीं वेळापत्रक पाहावें आणि परतीची शेवटची गाडी कधींहि धरूं नये, तिच्या आधींची धरावी. डबा घरून न्यावा. एक मार्ग, दोन गांवें, यापेक्षां अधिक लोभ करूं नये. निघण्यापूर्वीं एक प्रश्न ठरवावा आणि परत आल्यावर त्याचें उत्तर घरीं लिहून कळवावें. छायाचित्र पाठवावेंच, पण त्याखालीं चार ओळी असाव्या.

परतीच्या गाडींत मुलगी खिडकीला डोकें टेंकून झोंपली. मीं माझ्या मनगटावरील घड्याळ काढलें. तें मीं भारताच्या वेळेवरच ठेवलें होतें. हिंवाळ्यांत भारत व विलायत यांच्या वेळांत साडेपांच तासांचें अंतर असतें. त्यामुळें कांट्यांचें घड्याळ उलटें धरलें कीं दुसऱ्या देशाची वेळ दिसते. आपल्या नऊ वाजतां घड्याळ उलटें धरून पाहा. साडेतीन वाजलेले दिसतील, आणि तीच तेथील वेळ. मार्चअखेर तेथील घड्याळें एक तास पुढें करतात, मग ही युक्ति ऑक्टोबरअखेरपर्यंत चालत नाहीं. पण त्या दिवशीं ती चालली. त्याच कांट्यांवर तिच्या आईची रात्र आणि तिची संध्याकाळ दोन्ही दिसत होत्या. फक्त घड्याळ फिरवून धरावें लागत होतें.

तेव्हां आईबापांना माझी एवढीच विनंति आहे. शनिवारीं मुलाचें छायाचित्र आलें, तर "कितीला पडलें?" हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला विचारावा, "काय पाहिलेंस?"